फिशटँकमधला मासा आजारी पडलाय? निळ्या बाटलीला हात लावायच्या आधी हे वाचा

घरात नवा फिशटँक येतो तेव्हा गोष्ट साधारण अशी घडते. दुकानदार काचेची टाकी, रंगीत खडी, छोटा फिल्टर, प्लास्टिकची झाडं आणि पिशवीत बांधलेले पाच-सहा मासे असं सगळं एकाच दिवशी देतो. संध्याकाळपर्यंत टाकी भरून मासे सोडलेले असतात आणि व्हिडिओ स्टेटसला लागलेला असतो. पहिला आठवडा मजेत जातो. मग एक मासा कोपऱ्यात जाऊन थांबतो. खाणं सोडतो. दोन दिवसांनी तो उलटा तरंगताना दिसतो आणि तोवर दुसऱ्यानेही कोपरा धरलेला असतो.

दुकानात गेलं की निळ्या औषधाची बाटली हातात पडते. "दहा थेंब टाका, बरा होईल." पाणी निळं होतं, काचेच्या कडेचं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि राहिलेले मासेही जातात. शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, "घरावरचं संकट माशांनी स्वतःवर घेतलं." टाकी माळ्यावर जाते, विषय संपतो.

वास्तू आणि फेंगशुईवर कुणाचा किती विश्वास असावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण संकटाची ही थिअरी एक नुकसान मात्र नक्की करते. मासा का मेला हे मग कुणी शोधतच नाही. आणि कारण बऱ्याचदा टाकीतल्या पाण्यातच असतं.

मासा आजारी आहे हे ओळखायचं कसं?

मासा ओरडत नाही, लंगडत नाही. त्यामुळे त्याच्या वागण्याकडे बघावं लागतं. पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा गिळणं, कल्ले भरभर हलणं, पर अंगाशी मिटून घेणं, खडीवर किंवा फिल्टरवर अंग घासणं, खाणं सोडणं, रंग फिका पडणं ही नेहमीची लक्षणं.

पण काही मासे मुळातच वेगळे वागतात. बेटा म्हणजे फायटर आणि गुरामी यांना हवेतून श्वास घेणारा एक खास अवयव असतो, त्यामुळे ते अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतात. ते आजारी नसतात. रात्री दिवा लावल्या लावल्या मासे फिके दिसतात, तेही नॉर्मल आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे किती मासे आजारी आहेत आणि कसे पडले. टाकीतले सगळे मासे एकाच दिवशी धापा टाकायला लागले, तर आधी पाण्यावर संशय घ्या. एकामागून एक, दोन-तीन दिवसांच्या अंतराने पडत असतील तर संसर्गाची शक्यता वाढते. फक्त एकच मासा सुस्त आहे आणि बाकीचे मजेत हिंडतायत, तर त्याला दुसऱ्याने चावलंय का, त्याचं पोट फुगलंय का, तो म्हातारा झालाय का हे बघायचं. एवढी विभागणी केली तरी अर्धं निदान झालं.

आधी पाणीच का बघायचं?

कारण मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच त्याचं बाथरूम असतं. मासे शरीरातला नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांमधून पाण्यात सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. ४० लिटरच्या टाकीत तो कुठे जाणार?

जुन्या, व्यवस्थित बसलेल्या टाकीत हे काम बॅक्टेरिया करतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर त्यांचा पातळ थर असतो. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच असतं. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो, जे बरंच कमी घातक असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. या सगळ्या फौजेला नव्या टाकीत उभं राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी सहा मासे सोडले, तर हे सहा मासे ती फौज यायच्या आधीच स्वतःच्या अमोनियात पोहत असतात. मासे पाळणाऱ्यांच्या भाषेत याला 'न्यू टँक सिंड्रोम' म्हणतात. पाणी या काळात काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं, आणि फसगत तिथेच होते.

अमोनिया कल्ले जाळतो. मासा पाण्यातला ऑक्सिजन नीट घेऊ शकत नाही, म्हणून वर येऊन तोंड उघडतो. नायट्राइटचा प्रकार वेगळा आहे. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, त्यामुळे रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही आणि ते तपकिरी पडतं. टाकीत एअर पंप जोरात चालू असूनही मासा गुदमरतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमोनियाचा किती भाग विषारी रूपात राहील हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ वरून ८ वर गेला, तर विषारी भाग जवळपास दहापट होतो. त्यामुळे तितकेच मासे, तितकंच खाणं, तितकीच टाकी असूनही एका घरात मासे जगतात आणि दुसऱ्या घरात मरतात.

मग दर रविवारी टाकी धुतो, ती चूक?

हो, आणि बऱ्याच घरांतली सगळ्यात मोठी चूक हीच आहे. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडी घासून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा. टाकी चकाचक होते. पण नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेलं असतं आणि ते स्पंजमधल्या उपयोगी बॅक्टेरियांनाही मारतं. म्हणजे टाकी दर रविवारी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. बुधवार-गुरुवारपर्यंत मासा सुस्त होतो आणि घरातल्यांना वाटतं, एवढी स्वच्छता ठेवूनही असं कसं?

त्याऐवजी आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलावं. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच पिळावा. तो मळकट दिसतो. दिसू द्या.

गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवणाऱ्यांची अडचण तर याच्याही आधी सुरू होते. गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. पाच लिटरच्या बाऊलमध्ये फिल्टर नाही आणि वर तोंड निमुळतं असेल तर हवाही कमी. इटलीतल्या रोम शहराने २००५ मध्ये अशा गोल बाऊलवर बंदीच घातली होती. आपल्याकडे तो अजूनही वाढदिवसाला गिफ्ट म्हणून दिला जातो.

मासा सुस्त दिसला तर पहिल्या तासात काय करायचं?

खाणं बंद करा. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही, उलट न खाल्लेले दाणे कुजून अमोनिया वाढवतात. एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा. फिल्टर बंद करू नका आणि धुऊही नका.

मग पाणी बदला. सगळे मासे एकदम धापा टाकत असतील तर निम्मं, नाहीतर तिसरा हिस्सा. नवं पाणी टाकीच्या तापमानाच्या जवळचं असावं, हात बुडवून दोन्ही सारखं लागलं पाहिजे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला दुकानात 'अँटी-क्लोरीन' मिळतं. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं आणि लगेच काम करतं. ते नसेल तर पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवा, त्यातला क्लोरीन वायू उडून जातो. मात्र पाण्यात क्लोरामाइन असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, थेंब लागतातच.

एक अपवाद आहे. सहा-सहा महिने पाणी न बदललेल्या टाकीत एकदम निम्मं पाणी बदलू नका. अशा टाकीचा पीएच हळूहळू खाली आलेला असतो आणि ताजं पाणी तो झटक्यात वर नेतं. तिथे रोज दहा-पंधरा टक्के, असं आठवडाभर करा.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचे किट ऑनलाइन आणि मोठ्या दुकानांत मिळतात. दोन्हींचा आकडा शून्य हवा. औषधांच्या चार बाटल्यांपेक्षा एक किट केव्हाही चांगलं.

पाणी ठीक आहे, तरी मासे मरतायत. मग?

मग खोलीतली हवा बघा. डास मारण्याच्या बहुतेक लिक्विड, कॉइल आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं असतात. माणसाला आणि कुत्र्याला त्यांचा त्रास तुलनेने कमी होतो, माशांना मात्र ती अत्यंत घातक असतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे सहसा लक्षात येत नाही. म्हणजे मशीन लावलेलं असेल तर त्या हवेचे बुडबुडे थेट टाकीत. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर टाकी दुसऱ्या खोलीत हलवणं उत्तम. ते जमत नसेल तर ती ओल्या कापडाने झाकून तेवढा वेळ एअर पंप बंद ठेवायचा आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच सुरू करायचा. दिवाळीआधीच्या रंगकामालाही हीच काळजी घ्यावी.

उन्हाळ्यात आणखी एक कारण जोडलं जातं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली, पंप बंद पडला आणि टाकीत गर्दी असेल, तर काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडतात. अशा वेळी मगने पाणी काढून जरा उंचावरून परत टाकीत ओतत राहा. अगदी देशी उपाय आहे, पण चालतो.

अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले तर?

हा आजार मात्र खराच आजार आहे, आणि घरगुती टाकीत सर्रास दिसतो. मासे पाळणारे त्याला 'इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. इक्थिओफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. अंगावर, परांवर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके दिसतात आणि मासा अंग घासत फिरतो. पुणे, नाशिक, नागपूरकडे थंडीत रात्री पाणी गार पडलं, किंवा नवा मासा थेट टाकीत सोडला, की हमखास याचं आगमन होतं.

यावरचं औषध फसतं ते परजीवीच्या जीवनचक्रामुळे. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेच्या आत बसून खात असतो. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, कवच करून घेतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे होतात. तेव्हाही तो सुरक्षित असतो. मग ही पिल्लं बाहेर पडून पोहत नवा मासा शोधतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध असो वा मीठ, मार बसतो तो फक्त या पोहणाऱ्या टप्प्यावर.

म्हणून दोन गोष्टी होतात. तिसऱ्या दिवशी ठिपके गेले की लोक उपचार थांबवतात, खरं तर ठिपके तेव्हा फक्त तळाशी गेलेले असतात. आठवड्याने ते दुप्पट होऊन परत येतात. दुसरं, फक्त ठिपके असलेला मासा वेगळा काढून भागत नाही, कारण उरलेल्या टाकीत परजीवी असतोच. उपचार पूर्ण टाकीवर करावे लागतात आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवावे लागतात.

हीटर असेल तर तापमान काही तासांना एक अंश असं हळूहळू २८ ते ३० पर्यंत न्या. ऊब मिळाली की परजीवीचं चक्र भराभर फिरतं आणि पोहणारा टप्पा लवकर येतो. सोबत हवा जास्त सोडा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो.

मिठाचं प्रमाण लिटरमागे २ ते ३ ग्रॅम. इथे 'चिमूटभर' हा शब्द विसरायचा. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा, की लिटर मिळतात. ४५ बाय ३० ची टाकी, पाणी २६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३५ लिटर. लिटरला २ ग्रॅम धरले तर ७० ग्रॅम मीठ. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, मगभर पाण्यात विरघळवा आणि दिवसभरात तीन-चार वेळा विभागून घाला. साधं जाडं मीठ चालतं. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, त्यामुळे नंतर पाणी बदलाल तेव्हा फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घालायचं. टाकीत खरी झाडं किंवा कॉरिडोरास, लोच यांसारखे तळाशी राहणारे मासे असतील तर मीठ जपून वापरावं, त्यांना ते सोसत नाही.

शेपटी झडणं, पोट फुगणं, उलटं पोहणं

शेपटीच्या कडा फाटक्या, पांढुरक्या होत असतील तर ते बहुधा बॅक्टेरियामुळे आणि त्यामागे पुन्हा खराब पाणी. सुरुवातीलाच पाणी सुधारलं तर शेपटी परत वाढते. तोंडाभोवती कापसासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशीच असेल असं नाही. 'कॉलम्नॅरिस' नावाचा बॅक्टेरियाचा आजार तसाच दिसतो आणि गरम पाण्यात अधिक वेगाने पसरतो. म्हणजे इकला लागू असलेला तापमान वाढवण्याचा उपाय इथे उलटा पडतो. अंदाजाने इलाज का करू नये, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

गोल पोटाचा गोल्डफिश उलटा किंवा तिरका तरंगत असेल तर बऱ्याचदा जास्त खाल्ल्याचा प्रकार असतो. दोन-तीन दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला मटार, अगदी बारीक करून. फुगलेल्या माशाचे खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर ते मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं लक्षण असू शकतं. त्यातून मासा क्वचितच वाचतो.

निळं औषध आणि कॅप्सूल

निळ्या बाटलीत सहसा मिथिलीन ब्लू असतं. ते अगदी निरुपयोगी नाही. बुरशीवर, काही बाह्य परजीवींवर, नायट्राइटच्या विषबाधेतही ते कामाला येतं. पण मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या उपयोगी बॅक्टेरियांवरही ते पडतं. अमोनियाने मरणाऱ्या माशाला हे औषध देणं म्हणजे त्याला वाचवू शकणारी फौजच मारणं. वापरायचं तर वेगळ्या टबमध्ये. दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा टब, ज्याला कधी साबण लागलेला नाही, त्यात एअर स्टोन, झाकण आणि रोज थोडं पाणी बदलणं. एवढा दवाखाना पुरतो.

घरात उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. कोणता बॅक्टेरिया आहे माहीत नाही, डोस माहीत नाही, उपयोगी बॅक्टेरिया मरणार आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार व्हायला मदत होणार. महागडा अरवाना किंवा फ्लॉवरहॉर्न असेल, किंवा आजार समजतच नसेल, तर माशांची माहिती असलेला पशुवैद्य शोधावा. मत्स्यविज्ञान शिकवणाऱ्या संस्थांत विचारणा करता येते. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत.

वाचणार नसेल तर?

हा भाग कुणी बोलत नाही. मासा दिवसेंदिवस आडवा पडून आहे, खवले उभे आहेत, काही खात नाही, तेव्हा लोक त्याला टॉयलेटमध्ये फ्लश करतात, फ्रीझरमध्ये ठेवतात किंवा 'जगला तर जगेल' म्हणून तलावात सोडतात. पहिल्या दोन्हींत त्याचे हाल होतात. तिसऱ्यात आजार आणि परकी प्रजाती दोन्ही तलावात जातात. काच साफ करायला आणलेला सकर कॅटफिश असाच सोडला गेला आणि आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे.

कमी त्रासाचा मार्ग लवंगाच्या तेलाचा. त्यातल्या युजेनॉलने माशाला भूल चढते. पशुवैद्याशी बोलता आलं तर आधी बोलावं. औषधाच्या दुकानात मिळणारं शुद्ध तेल, टाकीतल्याच एक लिटर पाण्याला साधारण दहा थेंब. आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोरात हलवून दुधाळ करून घ्यायचं, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. मासा त्यात निपचित पडतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही त्याला किमान दहा मिनिटं, शक्य तर अर्धा तास तिथेच ठेवायचं. नंतर कुंडीत किंवा अंगणात पुरता येतो. घरात लहान मूल असेल तर मासा 'फिरायला गेला' सांगण्यापेक्षा त्याला कुंडीजवळ सोबत न्या.

टाकी हाताळताना हातावर जखम असेल तर ग्लोव्हज घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. आजारी माशांतला मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा बॅक्टेरिया माणसाच्या त्वचेत शिरून महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी करू शकतो. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात फिशटँक आहे हे आवर्जून सांगा, त्याशिवाय त्यांच्या डोक्यात हा आजार सहज येणार नाही.

टाकी रिकामी झाली असेल तर ती लगेच माळ्यावर टाकायची गरज नाही. फिल्टर चालू ठेवून रोज दोन-चार दाणे टाकत राहिलं तर त्यातले बॅक्टेरिया जिवंत राहतात. पाणी २५ अंशाच्या वर असेल तर इकचा परजीवी माशांविना दोन आठवड्यांत संपतो. त्यानंतर एकदा अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य असतील तर मासे आणा. एका वेळी एक किंवा दोन, आणि पहिले दोन-तीन आठवडे त्याच प्लास्टिकच्या टबमध्ये.